किनाऱ्यावर मदतीला जाताना : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

किनारपट्टीवरील अभयारण्ये, कासवांची गावे आणि खाडीकाठची कांदळवने (खारफुटीची जंगले) यांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच विचारणा आहे : तिथे जे कार्यक्रम होतात त्यांत आम्हा सामान्य माणसांना कसे सहभागी होता येईल, आणि आमचा खरोखरच काही उपयोग होईल का? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मार्च महिन्यात मुलांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या कासव महोत्सवाला जावे असा विचार आहे. पिल्ले हमखास दिसतील अशी एखादी तारीख सांगाल का? मुलांना पिल्लू हातात घेऊन पाण्यात सोडू देतात का?

उत्तर : हमखास तारीख कोणीही सांगू शकत नाही. असे का, हे मुलांना प्रवासापूर्वीच समजावून सांगितले तर त्यांचा हिरमोड होणार नाही. आपल्या किनाऱ्यावर येणारी कासवे मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीची असतात. मादी साधारण डिसेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या वेळी पुळणीवर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळूने तो बुजवून समुद्रात परत जाते. कोल्हे, कुत्रे, रानडुकरे आणि पूर्वी काही प्रमाणात माणसेही ही घरटी उकरत असत. म्हणून घरटी राखणारे गावातील कासवमित्र पहाटे किनारा पायाखाली घालतात, मादीच्या सरपटण्याच्या खुणांवरून घरटे शोधतात, आणि अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरतात. त्या दिवसापासून पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. ऊन तापले की हा काळ कमी होतो, हवा गार राहिली की लांबतो. कासवमित्रांकडे प्रत्येक घरट्याची तारीख नोंदलेली असते, त्यामुळे अमुक आठवड्यात शक्यता जास्त आहे इतके ते सांगू शकतात. पण वाळूखालची पिल्ले नेमक्या कोणत्या पहाटे वर येतील, हे वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असते. म्हणून निघण्यापूर्वी गावात विचारावे, शक्य असल्यास दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा, आणि सकाळ व संध्याकाळ अशा दोन्ही वेळांना किनाऱ्यावर हजर राहावे, कारण घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उघडून पाहण्याचे आणि पिल्ले सोडण्याचे काम ऊन नसताना, याच दोन वेळांना होते.

वाळूच्या उष्णतेचा आणखी एक परिणाम मुलांना नक्की सांगा. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्यातील वाढीच्या मधल्या काळात वाळू किती तापली होती यावर ठरते. वाळू उष्ण असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक. वाढत्या तापमानाची काळजी कासवांच्या अभ्यासकांना इतकी का वाटते, हे या एका गोष्टीवरून मुलांना चटकन उमगते.

पिल्लू हातात घेण्याविषयी उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, अनुसूचीत आहे आणि त्याला हाताळण्याची परवानगी केवळ त्या कामासाठी नेमलेल्या व्यक्तींना असते. कायदा बाजूला ठेवला तरी पिल्लाच्या हिताचा विचार करावाच लागेल. पिल्लू वाळूवरून आपल्या बळावर पाण्यापर्यंत जाते, आणि हा प्रवास त्याच्या घडणीचाच भाग मानला जातो. पुढे प्रौढ माद्या ज्या भागात जन्मल्या त्याच भागाच्या आसपास अंडी घालायला परततात. दोरीच्या मागे उभे राहावे, फ्लॅश वापरू नये, अंधारात विजेरी पेटवू नये. क्षितिजावरचा उजेड पाहून पिल्ले समुद्राची दिशा धरतात, त्यामुळे मागच्या रस्त्यावर गाडीचा दिवा चालू राहिला तरी ती उलट दिशेला वळतात. पायाखालीही पाहावे, कारण एखादे पिल्लू रांगेपासून वेगळे पडून आपल्याच चपलेजवळ आलेले असू शकते.

वेळासला हे काम २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने सुरू केले. वन विभागाचा सहभाग मिळाला, घराघरांत पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय होऊ लागली, आणि पुढे आंजर्ल्यासारख्या इतर गावांतही अशी कामे उभी राहिली. महोत्सवाला जाण्याचा पहिला उपयोग हाच की आपण दिलेले मुक्कामाचे पैसे घरटी राखणाऱ्या गावात राहतात. माझ्या मते बाहेरच्या पाहुण्याने पहिल्या भेटीत यापेक्षा अधिक ‘मदत’ करण्याची घाई करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात ओळख झाली, की पहाटेच्या फेरीत सोबत येण्याविषयी विचारावे. भरतीरेषेवरून चालत, वाळूवरील माग वाचत जाणे हे शिकण्यासारखे काम आहे, आणि ते शिकवणारे लोक तिथेच आहेत.

एक गोष्ट मुलांना फार आवडेल. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परत निघालेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारे यंत्र बसवले गेले, आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कोठे जातात हे समजून घेण्यासाठी वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून हा उपक्रम हाती घेतला होता. त्यानंतर २०२५ साली गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर २०२१ साली ओडिशात लावलेला बिल्ला आढळला. बंगालच्या उपसागरातील आणि अरबी समुद्रातील कासवे एकमेकांपासून पूर्ण वेगळी राहतात, ही समजूत त्या एका बिल्ल्यामुळे पुन्हा तपासावी लागली. बिल्ल्यावरचा क्रमांक कोणीतरी नीट वाचून टिपून ठेवला, म्हणूनच हे शक्य झाले.

प्रश्न : ठाणे खाडीतील रोहित पक्षी पाहायला दोन वेळा गेलो. एकदा नौका मिळाली पण पक्षी लांब होते, एकदा पक्षी काठाजवळ होते पण नौका निघाली नाही. योग्य वेळ कशी ठरवावी?

उत्तर : खाडीवर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीकडे पाहून निघावे लागते. ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे, त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक कांदळवन आणि उरलेले पाणी. २०२२ मध्ये त्याची रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत नोंद झाली. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नौकाफेऱ्या निघतात. नौकेला पुरेसे पाणी लागते, तर रोहित पक्ष्यांना उघडा किंवा उथळ चिखल लागतो. ओहोटीच्या वेळी ते खाडीभर पांगून चोच उलटी पाण्यात बुडवतात आणि चिखलातील सूक्ष्म शैवाल व बारीक जीव गाळून खातात. पाणी चढू लागले, की चिखलाच्या उरलेल्या पट्ट्यांवर दाटीने गोळा होतात. आपल्याला दोन वेळा जे दिसले ते याच दोन अवस्थांतले होते. पाणी चढत असताना, पूर्ण भरतीच्या आधीचा वेळ नौकेलाही सोयीचा आणि पाहणाऱ्यालाही. फेऱ्यांच्या वेळा यामुळेच रोज बदलतात, तेव्हा केंद्राकडून त्या दिवशीची वेळ घेऊनच निघावे.

घरबसल्या ढोबळ अंदाज हवा असेल तर किनाऱ्यावरच्या मंडळींचा जुना हिशेब उपयोगी आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत हा फरक कमी असतो. खडकाळ किनाऱ्यावरील जीव दाखवणाऱ्या पदभ्रमणांचे आयोजक उधाणाच्या ओहोटीचे दिवस निवडतात, ते याच कारणाने. मात्र हा हिशेब अंदाजापुरताच ठेवावा. खडकांवर किंवा खाडीच्या चिखलात उतरायचे असेल तेव्हा छापील भरती-कोष्टक पाहावे आणि पाणी वळण्यापूर्वी बाहेर पडावे.

रोहित पक्षी नोव्हेंबरच्या सुमारास येऊ लागतात आणि बरेचसे मे अखेरपर्यंत राहतात. उड्डाणाचे छायाचित्र मिळावे म्हणून नौका थव्यात घालण्याचा आग्रह काही प्रवासी नावाड्याकडे धरतात. कृपया तो धरू नये. चरणारा थवा उठवला की त्याचा चरण्याचा वेळ जातो, आणि लांबच्या प्रवासापूर्वी अंगात चरबी साठवण्याच्या काळात हा तोटा लहान नसतो.

प्रश्न : मला बगळा आणि कावळा यांपलीकडे पक्षी ओळखता येत नाहीत. तरी पाणपक्ष्यांच्या गणनेत नाव नोंदवले तर चालेल का, की जाणकारांना माझी अडचणच होईल?

उत्तर : अवश्य नोंदवावे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर वर्षी जानेवारीत होते आणि ती पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे. एका पाणथळ जागेवर एक गट असतो. त्यात ओळखणारा एक असला तरी दुर्बिणीतून सतत पाहणाऱ्याला कागदाकडे वळायला फुरसत नसते, म्हणून नोंद लिहिणारा दुसरा लागतो, आणि मोठा थवा असेल तर स्वतंत्रपणे मोजणारा तिसराही लागतो. मोजण्याचे तंत्र एका सकाळीत येते. आधी दहा पक्षी नीट मोजावे, ते थव्यात किती जागा व्यापतात हे डोळ्यांत ठसवावे, मग तेवढ्या जागेचे तुकडे मनाशी पाडत पुढे जावे. थवा हजारांचा असेल तर शंभराचा तुकडा धरावा. दोघांनी वेगवेगळे मोजून आकडे ताडून पाहिले, की चूक लक्षात येते.

ओळखीची सुरुवात अंगकाठीवरून करावी, रंगांच्या मागे लागू नये. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, खाली वाकलेल्या लांब चोचीचा कुरल, पाण्यावर सूर मारणारा सुरय आणि चिखलात पळत-थांबत टिपणारे चिखल्या एवढे चार गट पक्के झाले तरी गणनेत आपला हात लागतो. लहान तुतवार ओळखताना अनुभवी माणसेही अडखळतात. तेव्हा ‘तुतवार, जात अनिश्चित, ४०’ असे प्रामाणिकपणे लिहिलेली नोंद अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा कितीतरी चांगली. काहीच दिसले नाही तर शून्यही लिहावे. एखाद्या तळ्यावर सलग पाच जानेवारीत शून्य येणे ही महत्त्वाची माहिती असते, आणि ती मिळण्यासाठी त्या पाचही जानेवारीत कोणीतरी तिथे गेलेले असावे लागते. म्हणून नवख्या स्वयंसेवकाला माझा सल्ला असा, की नवनवीन ठिकाणे शोधत हिंडण्यापेक्षा घराजवळची एकच जागा निवडावी आणि तिथे वर्षानुवर्षे जावे.

एखाद्या पक्ष्याच्या पायात कडे किंवा रंगीत पट्टी दिसली तर छायाचित्र काढून, जागा आणि वेळ लिहून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था भारतात पक्ष्यांना कडी चढवण्याचे काम दीर्घकाळ करत आली आहे.

प्रश्न : आमच्या शाळेची साठ मुले किनारा स्वच्छतेसाठी न्यायची आहेत. काय काळजी घ्यावी? मुख्याध्यापकांची इच्छा आहे की किती किलो कचरा गोळा झाला हे वर्तमानपत्रात यावे.

उत्तर : वजनाचा आकडा वर्तमानपत्राला पुरतो, पण किनाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण ओल्या वाळूने भरलेली एक गोणी शेकडो बाटल्यांच्या झाकणांपेक्षा जड भरते. आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात सुरू झाली, तेव्हापासून तिच्यात प्रत्येक वस्तू प्रकारानुसार मोजण्यावर भर आहे. आज ती सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात समुद्राने बाहेर टाकलेला कचरा तेव्हा किनाऱ्यावर पडलेलाच असतो. साठ मुलांचे सहा-सहाचे दहा गट करा, प्रत्येक गटाला पन्नास पावलांचा पट्टा द्या, आणि दोघांनी उचलायचे, एकाने मोजायचे, एकाने लिहायचे, दोघांनी गोणी धरायची अशी वाटणी करा. दुधाच्या पिशव्यांचे कोपरे किती, थर्माकोलचे तुकडे किती, जाळ्यांचे तुकडे किती, हे समजले तर कचरा कोठून येतो हे समजते आणि ग्रामपंचायतीपुढे काहीतरी ठोस मांडता येते.

वाहून आलेले शेवाळ, लाकडाचे ओंडके आणि शिंपले उचलू नयेत. शेवाळाखाली वाळूतले बारीक जीव राहतात व किनाऱ्यावरचे पक्षी त्यांवर जगतात. रिकाम्या शंखात शंखवासी खेकडा घर करतो. कासवांच्या हंगामात फावडी आणि दंताळी आणूच नयेत, कचरा हातमोजे घालून वेचावा. सुया, फुटलेली काच आणि मेलेले प्राणी मुलांनी हाताळायचे नाहीत. त्यासाठी दोन मोठी माणसे वेगळी ठेवावीत. वाळूत अर्धवट पुरलेले मोठे जाळे मुलांनी ओढू नये, ते नंतर गावातील मच्छीमारांच्या मदतीने काढावे. आणि गोळा केलेला कचरा कोण, कोठे, कोणत्या गाडीने नेणार, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. भरलेल्या गोण्या भरतीरेषेवर ठेवून बस निघून गेली, तर उधाणाने सारा कचरा पुन्हा समुद्रात जातो.

प्रश्न : आमच्या कंपनीला खाडीकाठी एका दिवसात कांदळवनाची रोपे लावायची आहेत. मनुष्यबळ आहे, निधी आहे. मोकळी चिखलाची जमीन भरपूर दिसते. परवानगी कोणाकडे मागावी?

उत्तर : परवानगी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे मागावी, महाराष्ट्रात हा स्वतंत्र कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. परंतु त्याआधी त्या मोकळ्या जमिनीविषयी दोन शब्द सांगणे मला आवश्यक वाटते, कारण सद्भावनेने केलेल्या कामामुळे होणारे नुकसान मला सर्वाधिक इथेच दिसते.

उघडा चिखल मोकळा दिसत असला तरी रिकामा नसतो. त्यात कृमी, शिंपले, लहान खेकडे आणि शैवाल असतात, आणि हजारो मैलांवरून येणारे पाणपक्षी हिवाळाभर तिथेच चरतात. अशा जागी झाडे लावली तर बहुतेक ती जगत नाहीत, कारण तिथे पाणी फार वेळ उभे राहते. आणि जगली तर पक्ष्यांचे कुरण जाते. कांदळवनाचे पट्टे पाण्याच्या चढ-उतारानुसार ठरलेले असतात. राज्याचे कांदळवृक्ष म्हणून २०२० मध्ये घोषित झालेली पांढरी चिपी पाण्याच्या कडेला उभी राहते, तिवर विस्तृत पट्टा व्यापतो, काही जाती आतल्या, कमी बुडणाऱ्या जागी वाढतात. एकाच जातीची रोपे सरळ रांगांत लावली की छायाचित्र चांगले येते, जंगल मात्र होत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की इथे पूर्वी कांदळवन होते का, आणि असेल तर ते का गेले. अनेकदा उत्तर मिळते की बांध घातल्याने भरतीचे पाणी अडले, किंवा राडारोडा टाकल्याने जमीन उंचावली. राडारोडा हलवला, पाण्याची वाट मोकळी केली, तर बिया पाण्याबरोबर आपोआप येतात आणि योग्य त्या उंचीवर रुजतात. कांदळाच्या काही जातींचे बी तर झाडावरच अंकुरून लांब शेंगेसारखे लोंबते आणि गळून पडताच चिखलात मूळ धरते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिलेल्या आदेशाने कांदळवनाच्या तोडीला आणि कांदळवनापासून ५० मीटरच्या आत राडारोडा टाकण्याला मनाई केली. आपल्या परिसरात असे घडत असेल तर छायाचित्र, तारीख आणि ठिकाण देऊन लेखी तक्रार करणे हेही स्वयंसेवकाचेच काम आहे.

कंपनीने आपला निधी एका दिवसावर खर्च न करता कक्षाला विचारून रोपवाटिकेला किंवा तीन वर्षांच्या देखभालीला द्यावा. मनुष्यबळासाठीही काम आहे : जमिनीतून वर आलेल्या श्वसनमुळांना गुंडाळले गेलेले प्लास्टिक हाताने सोडवणे. हे काम चिवट आहे, कंबर दुखवणारे आहे, पण मुळांवर पिशव्यांचा थर बसला की झाडाला हवा मिळत नाही, आणि यंत्राने ते सोडवता येत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर जिवंत कासव वाहून आले. लोकांनी ते पुन्हा समुद्रात ढकलले. हे बरोबर होते का?

उत्तर : पावसाळ्यात किनाऱ्यावर आलेले कासव बहुधा जखमी, जाळ्यात अडकलेले किंवा थकलेले असते, पुन्हा ढकलले तर ते बुडू शकते. ते सावलीत ठेवावे, पाठीवर ओले फडके घालावे पण नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, खायला-प्यायला काही देऊ नये, गर्दी आणि कुत्री दूर ठेवावीत, आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. गळ तोंडात अडकला असेल तर तो ओढू नये. दोरा लांब ठेवून कापावा. डहाणू येथे जखमी कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. मच्छीमार बांधवांसाठीही माहिती देऊन ठेवतो : संरक्षित सागरी प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर, छायाचित्रे व पुरावा दिल्यास, शासनाच्या योजनेतून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

प्रश्न : माझे वय ६७ आहे, गुडघे साथ देत नाहीत. वाळूत किंवा चिखलात चालणे जमणार नाही. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझ्याजोगे काही काम असेल का?

उत्तर : आपल्याजोगे काम भरपूर आहे, आणि ते करणारी माणसे फारच कमी आहेत. गणनेच्या दिवशी सर्वांना खाडीवर जायचे असते. त्यानंतर ओल्या, चिखलाच्या डागांच्या कागदांवरून आकडे संगणकात उतरवायला, दोन गटांच्या नोंदींत एकच थवा दोनदा मोजला गेला का हे तपासायला आणि मागच्या वर्षांच्या आकड्यांशी मेळ घालायला मात्र बसणारा माणूस मिळत नाही. आयुष्यभर खाती जुळवलेल्या माणसाने हे काम घेतले तर कोणत्याही स्थानिक निसर्गसंस्थेला आनंदच होईल. कासवांच्या गावांतही घरट्यांच्या नोंदवह्या असतात : घरटे सापडल्याची तारीख, अंड्यांची संख्या, बाहेर आलेली पिल्ले, न उबलेली अंडी. त्या नीट लावून दिल्या तर कोणत्या आठवड्यातील घरट्यांतून किती टक्के पिल्ले निघतात हे गावाला स्वतःलाच पाहता येते, आणि पुढच्या हंगामात घरट्यांवर सावलीची जाळी केव्हा टाकायची हे त्यावरून ठरवता येते. संस्थेला पत्र लिहिताना आपल्याला आठवड्यातून किती तास देता येतील आणि कोणत्या महिन्यांत देता येतील, एवढे स्पष्ट कळवा. हंगाम संपल्यावरचे, म्हणजे मे-जूनचे दिवस यासाठी सर्वांत सोयीचे असतात.